आधी वादन, मग रचना: 'कॅन' या जर्मन बँडचं संगीत कसं घडलं

गाणं कसं तयार होतं असं विचारलं, तर बहुतेक जण एकच क्रम सांगतील. कुणीतरी शब्द लिहितं, कुणीतरी चाल बांधतं, वादकांना आपापला भाग समजावला जातो आणि सगळं बसलं की ध्वनिमुद्रण होतं. भावगीत असो, चित्रपटगीत असो की रॉक अँड रोल, क्रम साधारण हाच. १९६८ साली पश्चिम जर्मनीतल्या कोलोन शहरात जमलेल्या 'कॅन' या बँडने हा क्रम उलटा केला. आधी टेप सुरू करायची. मग तासन् तास वाजवायचं. आणि यातलं गाणं कोणतं, हे सगळ्यात शेवटी, हातात ब्लेड घेऊन ठरवायचं.

प्रायोगिक रॉकच्या कोणत्याही यादीत कॅनचं नाव असतंच. पण ही मंडळी नेमका कोणता प्रयोग करत होती, हे फार कमी ठिकाणी नीट सांगितलेलं असतं. त्यामुळे उत्साहाने ऐकायला बसलेला माणूस अठरा मिनिटं चालणाऱ्या एका ठेक्यापाशी अडतो आणि 'हे आपल्यासाठी नाही' असं ठरवून टाकतो. याचं मला वाईट वाटतं. हे संगीत अवघड नाही. ते बनवण्याची रीत वेगळी आहे, आणि ती रीत कळली की कानांनी काय धरायचं ते सापडत जातं.

चौघे कुठून आले

बास गिटार वाजवणारे होल्गर चुकाय आणि कीबोर्ड वाजवणारे इर्मिन श्मिट हे दोघेही कार्लहाइन्त्स श्टोकहाउझन यांचे विद्यार्थी. श्टोकहाउझन म्हणजे विसाव्या शतकातल्या युरोपीय संगीतातलं फार मोठं नाव. कोलोनच्या रेडिओ केंद्रात इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक स्टुडिओ होता. तिथे ते ध्वनी तयार करत, टेपवर उतरवत आणि ती टेप कापून, जोडून, उलटी फिरवून त्यातून रचना उभी करत. १९५६ साली त्यांनी एका मुलाचा आवाज आणि यंत्रातून निघालेले ध्वनी एकत्र करून केलेली रचना आजही संगीत विद्यालयांत अभ्यासली जाते. टेप म्हणजे वाजवलेलं साठवण्याची जागा एवढंच नाही, टेपवरच रचना करता येते, हा धडा चुकाय आणि श्मिट तिथून घेऊन आले.

श्मिट हे शिकलेले पियानोवादक आणि वाद्यवृंद संचालक. १९६६ मध्ये संचालकांच्या एका स्पर्धेसाठी ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथे स्पर्धेपेक्षा इतर गोष्टींतच रमले. स्टीव्ह राइश, टेरी रायली, ला मॉन्ट यंग अशा संगीतकारांना भेटले. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा रॉक बँड त्यांच्या कानी पडला. यातले रायली आणि यंग पुढे १९७० च्या सुमारास पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले, म्हणजे थेट किराणा घराण्यात आले. मिरज आणि पुण्याने पिढ्यान् पिढ्या ऐकलेला तो सूर. श्मिट यांची भेट त्याच्या आधीची. पण एका स्वरावर किंवा एका छोट्या आकृतीवर खूप वेळ थांबून राहायची ओढ त्या मंडळींना तेव्हाही होती, आणि श्मिट यांनी ती जवळून पाहिली.

ड्रम वाजवणारे याकी लीबेत्साइट फ्री जॅझमधून आले. फ्री जॅझ म्हणजे जॅझमधली ती शाखा, जिथे ठरलेला ताल आणि ठरलेली चाल दोन्ही सोडून दिलेली असतात. लीबेत्साइट यांना काही वर्षांनी त्या स्वातंत्र्यातही एक सक्ती जाणवायला लागली: काहीही वाजवा, पण एकच ठेका पुन्हा पुन्हा वाजवायचा नाही. त्यांना नेमकं तेच करायचं होतं. चौथे मिखाएल कारोली, बाकीच्यांपेक्षा दहा-अकरा वर्षांनी लहान. चुकाय शाळेत संगीत शिकवत तेव्हा कारोली त्यांच्याकडे गिटार शिकत. शिष्याने गुरूला बीटल्सचं एक गाणं ऐकवलं आणि रॉकमध्ये काय काय करता येतं याकडे गुरूचं लक्ष गेलं.

हे सगळे १९६८ साली एकत्र आले, हा योगायोग म्हणता येणार नाही. युद्धाच्या आगेमागे जन्मलेल्या जर्मन तरुणांपुढे एक अवघड प्रश्न होता. वाडवडिलांच्या काळातलं संगीत नाझी राजवटीने वापरून घेतलेलं, आणि रेडिओवर जे वाजे ते एक तर गोडगोड जर्मन गाणी किंवा अमेरिकेतून आलेलं. अमेरिकन ब्लूजची नक्कल करून जर्मन माणसाने स्वतःचं काय सांगायचं? कोलोन, ड्यूसेलडॉर्फ, बर्लिन, म्युनिक अशा शहरांत त्या काळी कितीतरी बँड याच प्रश्नाला भिडत होते. ब्रिटिश पत्रकारांनी त्या सगळ्यांना 'क्राउटरॉक' असं एकच लेबल लावलं. त्या बँडांचं संगीत मात्र एकमेकांसारखं नव्हतं.

दोन ट्रॅक

कोलोनजवळ न्योर्वेनिश इथे एक जुना श्लॉस आहे, म्हणजे गढीवजा वाडा. तो एका कलासंग्राहकाच्या ताब्यात होता. त्याने या मंडळींना तिथे राहून वाजवायला जागा दिली, भाडं न घेता. ना निर्माता, ना ध्वनिमुद्रक. जी काही जुजबी यंत्रं जमली त्यांवर चुकाय ध्वनिमुद्रण करत. यंत्र दोन ट्रॅकचं होतं, आणि कॅनचा आवाज असा का आहे याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

त्या काळी मोठ्या स्टुडिओंत आठ ट्रॅकची यंत्रं येऊ लागली होती. आठ ट्रॅक म्हणजे टेपच्या रुंदीवर शेजारी शेजारी आठ स्वतंत्र पट्टे. ड्रम एका पट्ट्यावर, बास दुसऱ्यावर, गायन तिसऱ्यावर. ध्वनिमुद्रण झाल्यावर गिटार मोठी वाटली तर फक्त तिचा पट्टा कमी करायचा. गायन चुकलं तर तेवढंच पुसून पुन्हा गायचं. दोन ट्रॅकवर यातलं काहीच करता येत नाही. सगळी वाद्यं एकत्र मिसळूनच टेपवर जातात, डाव्या आणि उजव्या अशा दोन पट्ट्यांवर. कारोली यांची गिटार जास्त मोठी वाजली, तर ती कायमची मोठी. नंतर एखादा आवाज वर चढवायचाच असेल, तर पहिली टेप वाजवत तो दुसऱ्या यंत्रावर सोबत मुद्रित करायचा, आणि दर नकलेबरोबर टेपची खरखर वाढत जाते.

याचा वादकांवर काय परिणाम होईल, हे बघा. आवाजाचा तोल नंतर सांभाळणारं कुणी नाही, म्हणजे तो वाजवतानाच सांभाळायला हवा. आपण किती मोठं वाजतोय, दुसऱ्याला जागा मिळतेय का, आत्ता थांबलेलं बरं का, हे प्रत्येकाने प्रत्येक क्षणी कानांनी तपासायचं. कॅनचं ध्वनिमुद्रण ऐकताना एक गोष्ट लगेच जाणवते: कुणीही एकटा 'सोलो' घेऊन पुढे येत नाही. गिटार वर येते आणि पुन्हा आत मिसळून जाते. कीबोर्ड बराच वेळ गप्प असतो. या संयमात जशी वृत्ती आहे, तशी त्या साध्या यंत्राची शिस्तही आहे.

आपण 'जॅमिंग' करतो असं ही मंडळी म्हणत नसत. त्यांच्या दृष्टीने ती जागच्या जागी केलेली रचना होती. फरक असा, की जॅममध्ये माणूस हाताला येईल ते वाजवतो, आणि रचना करणारा माणूस पुढे काय यायला हवं याचा विचार करतो. गाण्यांचं श्रेयही एकाच्या नावावर नसे. रचना सगळ्या बँडची.

ब्लेड आणि ठेका

आता उरलेलं निम्मं उत्तर. तासन् तास वाजवून भरलेल्या टेपचं पुढे काय करायचं?

व्यावसायिक यंत्रात टेप सेकंदाला सुमारे ३८ सेंटिमीटर या वेगाने सरकते. म्हणजे वेळ इथे अक्षरशः मोजपट्टीने मोजता येतो. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत चार मात्रांचं एक आवर्तन २.४ सेकंदांचं, टेपवर ते झालं साधारण ९१ सेंटिमीटर. चुकाय टेप ऐकत, हवा तो भाग शोधत, यंत्राची चकती हाताने मागेपुढे फिरवून ड्रमचा नेमका आघात कुठे आहे ते ठरवत, आणि ब्लेडने तिथे काप घेत. हा काप सहसा तिरका घेतात, त्यामुळे एक आवाज संपून दुसरा सुरू होताना खटका बसत नाही. मग दुसरं टोक आणून चिकटपट्टीने जोडायचं. चार तासांपूर्वी वाजवलेलं आणि आत्ता वाजवलेलं आता शेजारी शेजारी आलं.

पण हे जमायला एक अट आहे. दोन्ही तुकड्यांची लय एकच हवी. माणूस वाजवतो तेव्हा लय सहसा चढत जाते, उत्साहात तर नक्कीच. पहिल्या तासातला तुकडा आणि तिसऱ्या तासातला तुकडा जोडायला गेलं तर ऐकणाऱ्याला ठेच लागते. लीबेत्साइट यांची लय तासन् तास हलत नसे. म्हणूनच चुकाय यांचं ब्लेड चालू शकलं. कॅनविषयी वाचताना ड्रमच्या स्थिरपणाचं कौतुक एकीकडे येतं आणि टेप कापण्याच्या कौशल्याचं दुसरीकडे. मला ही दोन वेगळी कौशल्यं वाटत नाहीत. पहिलं नसतं तर दुसरं अशक्य होतं.

लीबेत्साइट यांचा ठेका ऐकायचा कसा? तबल्याचं एकल वादन ऐकलेल्या माणसाला हे पटकन कळेल. तिथे सारंगी किंवा संवादिनी लेहरा धरते, तोच तो, आवर्तनामागून आवर्तन, आणि तबला त्यावर हवं ते बोलतो. कॅनमध्ये या जागांची अदलाबदल झाली आहे: लेहरा ड्रमने धरलेला आहे आणि सुरांची वाद्यं मोकळी सोडलेली आहेत. फरक एक, आणि तो मोठा आहे. इथे समेची वाट पाहायची नसते. तिहाई येत नाही, दाद द्यावी असा टप्पा येत नाही. ठेका फिरत राहतो आणि त्याच्या आत बारीक बदल होत राहतात: झांजेवरचा एखादा हलका आघात सरकतो, एखादा जास्तीचा ठोका कुजबुजल्यासारखा येतो. समेची सवय असलेल्या आपल्या कानांना सुरुवातीला हे अपुरं वाटतं. सात-आठ मिनिटं धीर धरला की ती अपेक्षा गळून पडते, आणि मग बारकावे ऐकू यायला लागतात.

या रीतीचा पहिला मोठा नमुना १९६९ च्या 'मॉन्स्टर मूव्ही' या तबकडीवर आहे. 'यू डू राइट' हे वीस मिनिटांचं गाणं अनेक तास चाललेल्या वादनातून कापून काढलेलं. वीस मिनिटंच का? कारण लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूवर चांगल्या आवाजात साधारण तेवढंच मावतं. गाण्याने अख्खी दुसरी बाजू व्यापली आहे. गाणारे मॅल्कम मूनी हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय शिल्पकार. कोलोनला आले होते ते गायक व्हायला नव्हे. त्यांच्या मैत्रिणीचं पत्र आलं होतं, त्यातल्याच ओळी ते माइकसमोर पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि ते या गाण्याचे शब्द झाले. पुनरावृत्ती त्यांच्या स्वभावातच होती, पण त्याची किंमतही त्यांनी मोजली. मानसिक त्रास वाढला आणि १९६९ च्या अखेरीस ते अमेरिकेला परतले.

त्यांच्या जागी आलेला गायक कसा सापडला, ही कॅनची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट. मे १९७० मध्ये म्युनिकला कार्यक्रम होता. चुकाय आणि लीबेत्साइट एका कॅफेबाहेर बसले होते. रस्त्यावर एक तरुण जपानी मुलगा मोठमोठ्याने काहीतरी गात होता. चुकाय यांनी त्याला त्याच रात्री आपल्याबरोबर गायला बोलावलं. ना तालीम, ना ओळख. तो मुलगा म्हणजे दामो सुझुकी. त्या रात्री बरेचसे श्रोते उठून निघून गेले, आणि सुझुकी पुढची तीन वर्षं कॅनमध्ये राहिले. त्यांच्या गाण्यात इंग्रजी आहे, जपानी आहे, थोडं जर्मन आहे आणि कोणत्याच भाषेत नसलेलं बरंच काही आहे. शब्दांचा अर्थ लावत बसू नये. त्यांचा आवाज बँडमधल्या आणखी एका वाद्यासारखा ऐकावा.

'टागो मागो' आणि नंतर

१९७१ चा 'टागो मागो' हा दोन तबकड्यांचा संच. माझ्या मते कॅनची सगळी ताकद आणि सगळं धाडस इथे एकत्र आहे. सात रचना, एकूण ७३ मिनिटं. 'हालेलूवा' ही अठरा मिनिटांची रचना म्हणजे वर सांगितलेल्या रीतीचा आदर्श पाठ. एक ठेका, त्याखाली मोजक्या स्वरांत फिरणारा बास, आणि वरती सतत बदलत जाणारं दृश्य. कान देऊन ऐकलं तर मध्येच खोली बदलल्यासारखा नाद बदलतो, तो ब्लेडचा काप. 'ओ येह' मध्ये सुझुकी यांचा आवाज काही काळ टेप उलटी फिरवून वापरला आहे आणि पुढे तोच आवाज सरळ होऊन जपानीत गातो. दुसऱ्या तबकडीवरची 'आउम्गन' ही सतरा मिनिटांची रचना मात्र ठेक्यावर चालत नाही. तिथे श्मिट यांचा ताणलेला, घुमणारा स्वर आहे, आणि भोवती वाद्यांचे सुटे आवाज. यातलं काही ध्वनिमुद्रण चुकाय यांनी वादकांना न सांगता केलं होतं, गाण्यांच्या मधल्या वेळात, जेव्हा मंडळी सहज काहीतरी करत होती. रेडिओ केंद्रात शिकलेला विद्यार्थी इथे स्पष्ट दिसतो. बँडच्या व्यवस्थापक हिल्डेगार्ड श्मिट, म्हणजे इर्मिन यांच्या पत्नी, यांनी आग्रह धरला म्हणून ही दुसरी तबकडी निघाली.

मग अनपेक्षितपणे यश आलं. दूरचित्रवाणीवरच्या एका रहस्यमालिकेसाठी केलेलं 'स्पून' हे तीन मिनिटांचं गाणं १९७२ च्या सुरुवातीला जर्मनीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या स्थानी गेलं. त्यात लीबेत्साइट एका ठेका वाजवणाऱ्या यंत्राच्या सोबतीने ड्रम वाजवतात. माणूस कोणता आणि यंत्र कोणतं हे ओळखणं सोपं नाही. त्या यशानंतर फेब्रुवारी १९७२ मध्ये त्यांनी कोलोनच्या क्रीडागृहात फुकट कार्यक्रम केला. तोवर त्यांचा मुक्काम कोलोनजवळच्या वाइलर्सविस्ट गावातल्या एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात हलला होता. रिकाम्या थिएटरात आवाज फार घुमतो, म्हणून भिंतींना लष्कराच्या १५०० गाद्या लावल्या. त्यांच्या तबकड्यांत जो कोरडा, जवळून आल्यासारखा ड्रमचा आवाज येतो त्यात या गाद्यांचा वाटा आहे.

तिथे झालेल्या 'एगे बाम्यासी' या १९७२ च्या तबकडीच्या वेष्टनावर तुर्की भेंडीचा डबा आहे आणि गाणी बरीच आटोपशीर आहेत. १९७३ च्या 'फ्यूचर डेज' मध्ये सगळं हलकं होतं, सुझुकी यांचा आवाज वाद्यांच्या मागे जातो, आणि शेवटची रचना पुन्हा वीस मिनिटांची. त्यानंतर सुझुकी बँड सोडून गेले. पुढे कारोली आणि श्मिट गरजेपुरतं गात.

१९७५ च्या 'लँडेड' साठी सोळा ट्रॅकचं यंत्र आलं. वरवर पाहता ही प्रगती. आता प्रत्येकाला स्वतंत्र पट्टा, चुकलं तर पुसण्याची सोय, एकट्याने येऊन आपला भाग वाजवून जाण्याची सोय. आणि नेमकी इथूनच त्या संगीतातली घट्ट वीण सैल व्हायला लागली. एकमेकांचं ऐकण्याची सक्ती उरली नाही. नंतरच्या तबकड्यांत चांगली गाणी आहेत, १९७६ चं एक गाणं ब्रिटनच्या यादीतही गेलं, पण पाच माणसं एका क्षणाला एकच विचार करताहेत असं जे आधी जाणवे ते कमी झालं. चुकाय बास सोडून शॉर्टवेव्ह रेडिओतले आवाज बँडमध्ये आणू लागले आणि १९७७ मध्ये बाहेर पडले. १९७९ मध्ये बँड थांबला. १९८० च्या दशकात मूनी यांच्यासह ते पुन्हा जमले आणि १९८९ मध्ये त्यातून एक तबकडी आली.

आज संगणकावर कुणीही आवाज कापून जोडू शकतं. हिप-हॉपमध्ये जुन्या तबकडीतला तुकडा घेऊन त्याची आवर्तनं करणं हा तर पायाच आहे, आणि कान्ये वेस्ट यांनी २००७ मध्ये 'एगे बाम्यासी' मधला तुकडा तसा वापरला. मात्र संगणक ताल आखून देतो आणि तुकडे त्या आखणीवर बसवतो. कॅनच्या तुकड्यांना अशी आखणी नव्हती. ते जुळले ते एका माणसाच्या हातातल्या लयीमुळे.

वाइलर्सविस्टचा स्टुडिओ जर्मनीतल्या ग्रोनाउ इथल्या रॉक आणि पॉप संग्रहालयाने घेतला आणि तिथे पुन्हा उभा केला. आवराआवरीत जुन्या टेप हाती लागल्या, तीस तासांहून जास्त. त्यातून निवडून २०१२ मध्ये 'द लॉस्ट टेप्स' हा तीन तबकड्यांचा संच निघाला. ब्लेडने बाजूला ठेवलेलंही किती जिवंत होतं हे त्यात कळतं. कारोली २००१ मध्ये गेले, लीबेत्साइट आणि चुकाय २०१७ मध्ये, सुझुकी २०२४ मध्ये. मूळ चौघांपैकी आता श्मिट तेवढे आहेत.

नव्याने ऐकणाऱ्याने 'टागो मागो' पासून सुरुवात करू नये असं मला वाटतं. आधी 'एगे बाम्यासी' मधलं 'व्हिटॅमिन सी' ऐकावं, साडेतीन मिनिटांचं, आणि त्यात फक्त ड्रमकडे लक्ष द्यावं. मग 'स्पून'. त्यानंतर 'हालेलूवा', शक्यतो हेडफोन लावून, पहिल्यांदा ड्रम, दुसऱ्यांदा बास, तिसऱ्यांदा बाकीचं. ते आवडलं की 'फ्यूचर डेज'. 'आउम्गन' सगळ्यात शेवटी. आणि न कापलेलं कॅन कसं वाटत असेल अशी उत्सुकता वाटली, तर २०२१ मध्ये निघालेला १९७५ चा श्टुटगार्टचा कार्यक्रम आहे. त्यात गायक नाही, ओळखीची गाणी जवळपास नाहीत, आणि रचनांना नावंसुद्धा नाहीत, फक्त एक ते पाच असे जर्मन आकडे.